बाजाराचा हिशेब आणि बीजगणितांतील ‘य’

“५ वह्या व ३ पेन मिळून १८० रुपये होतात, त्याच दुकानांत त्याच भावानें ३ वह्या व ५ पेन यांस १४० रुपये पडतात, तर एका वहीची व एका पेनाची किंमत काय?” हें उदाहरण फळ्यावर लिहिलें कीं वर्गांत एक विशिष्ट शांतता पसरते. ती विचाराची शांतता नव्हे, संकटाची होय. जीं मुलें तयार समीकरणें भराभर सोडवितात, तींच मुलें समीकरणाच्या जागीं दोन ओळींचें गद्य दिसतांच लेखणी खालीं ठेवितात. पालकहि भेटीस आले म्हणजे, “गणित तसें बरें आहे, पण तीं गोष्टींचीं गणितें तेवढीं जमत नाहींत,” असें सांगून जातात. या ‘तेवढ्या’विषयींच मला चार शब्द लिहावयाचे आहेत, कारण माझ्या मतें शाळेंतील बीजगणित मुख्यतः या तेवढ्याचसाठीं आहे.

वरील उदाहरण मीं एका वर्गांत घातलें, तेव्हां एका विद्यार्थ्यानें ५ आणि ३ मिळून ८ केले, १८० ला ८ नें भागिलें, आणि ‘साडेबावीस रुपये’ असें उत्तर लिहून वही मिटली. हा मुलगा मंद असता तर त्याचा उल्लेख मीं येथें केला नसता. आठवडे बाजाराच्या दिवशीं तो आईबरोबर भाजीच्या पालावर बसतो, आणि मीं स्वतः त्याच्याकडून भाजी घेतली आहे. ४० च्या भावानें सवा किलो टोमॅटो, ८० च्या भावानें अर्धा किलो मिरची व ६० च्या भावानें पावशेर वांगीं मागितलीं, तर माझी पिशवी उघडण्यापूर्वीं तो “एकशें पांच” म्हणतो, आणि दोनशेंच्या नोटेचे पंचाण्णव रुपये परत हातावर ठेवितो. त्यास कागद लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. मग तोच मुलगा वर्गांत आल्यावर वही आणि पेन यांस एकच भाव कसा लावतो? पालावर कोणी वांगीं व मिरची एकाच भावानें मागितलीं तर तो हंसेल!

ही विसंगति आमच्याच शाळेंत आहे असें नाहीं. ब्राझील देशांतील रेसिफे शहरीं बाजारांत माल विकणाऱ्या पांच मुलांची कॅराहर व श्लीमन या संशोधकांनीं परीक्षा घेतली. तिचा वृत्तांत १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. बारा वर्षांच्या एका मुलास ३५ क्रुझेरोंचा एक याप्रमाणें १० नारळांची किंमत विचारली. त्यानें पस्तिसांवर शून्य दिलें नाहीं. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, आणखी तिनांचे मिळून ३१५, आणि वर एक, म्हणजे ३५०, असें सांगितलें. बाजारांत या मुलांचीं शंभरांत अठ्ठ्याण्णव उत्तरें बरोबर आलीं. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांनीं दिले तेव्हां शंभरांत सुमारें सदतीसच बरोबर आलीं. आणि गोष्टीच्या रूपानें दिले तेव्हां सुमारें चौऱ्याहत्तर. म्हणजे ज्या गोष्टींच्या गणितांस आपण भितों, त्यांतच तीं मुलें कोऱ्या आकड्यांपेक्षां अधिक सावध राहिलीं. पुढें अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेंहून अधिक मुलांची अशीच परीक्षा केली. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत दोन्हीकडचें अपयश नोंदलेलें आहे. बाजारांतील मुलांस शाळेचें गणित आलें नाहीं, आणि शाळेंतील मुलांस बाजाराचें. या दुसऱ्या वाक्याकडे पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी माझी विनंति आहे.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळीं या दोन गणितांमध्यें एवढें अंतर नव्हतें. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हीं कोष्टकें मुलें एका सुरांत म्हणत. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै, आणि मणाचे ४० शेर. अशा मापांत व्यवहार करणें म्हणजे अपूर्णांकांशीं संसार करणेंच होय. मणास जितके रुपये, अडीच शेरांस तितके आणे, ही युक्ति पहा: मणाचा सोळावा हिस्सा अडीच शेर, रुपयाचा सोळावा हिस्सा एक आणा, मग भागाकार करावयाचें कारणच काय? १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, १९५८ पासून मेट्रिक वजनें येऊं लागलीं, आणि हीं कोष्टकें शाळेंतून हळूहळू गेलीं. (‘पावशेर’ हा शब्द मात्र शेर गेल्यावरहि राहिला. बाजारांत पावशेर मागावें, अडीचशें ग्रॅम घ्यावें, आणि दोघांनींहि समाधानी असावें, असा रिवाज आहे.) कित्येक वृद्ध गृहस्थ त्या कोष्टकांसाठीं हळहळतात. मला त्यांची योग्यता मान्य आहे. परंतु त्यांच्या जोरावर माणूस एकाच दिशेनें चालत असे, हेंहि विसरतां येत नाहीं.

ती दिशा म्हणजे भावावरून किंमतीकडे. भाव ठाऊक आहे, माप ठाऊक आहे, किंमत काढावयाची आहे. हा सरळ रस्ता, आणि आमचा भाजीवाला विद्यार्थी त्यावर धांवतो. परंतु व्यवहारांत पुष्कळदां उलट चालावें लागतें. रक्कम हातीं पडलेली असते, माप ठाऊक असतें, आणि भाव कोणता लागला तें समजत नाहीं; किंवा दोन भावांचा माल एकत्र मिसळलेला असतो, आणि कोणता किती तें शोधावयाचें असतें. या उलट वाटेवरच माणसाची फसगत होते, आणि फसगत झाली कीं नाहीं तेंहि याच वाटेनें जाऊन कळतें. तोंडी हिशेब येथें लौकर थकतो. जें ठाऊक नाहीं त्यास एक नांव द्यावें, तें ठाऊकच आहे असें समजून सर्व व्यवहार लिहावा, आणि मग त्या लिहिण्यांतूनच त्यास बाहेर काढावें, ही युक्ति म्हणजे बीजगणित.

ही युक्ति परदेशांतून इंग्रजी पुस्तकांबरोबर आली असा पुष्कळांचा समज आहे. भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, ११५० सालीं, त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचिला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानतात. लीलावतींत एक वाटसरू दुकानापुढें उभा आहे. एका द्रम्मास साडेतीन मापें तांदूळ किंवा आठ मापें मूग, असा भाव चालूं आहे. वाटसरूजवळ आहेत तेरा काकिणी. त्यास दोन भाग तांदूळ व एक भाग मूग पाहिजे. आणि तो वाण्यास म्हणतो कीं लौकर दे, जेवून निघावयाचें आहे, सोबती पुढें चालला आहे. खिचडीचाच बेत असावा! चार काकिणींचा एक पण व सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या चौसष्ट काकिणी.

आतां विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण सोडवून पहावें. मूग ‘य’ मापें धरले तर तांदूळ २य मापें. साडेतीन मापांस एक द्रम्म, म्हणून तांदळाची किंमत ४य/७ द्रम्म; मुगाची य/८ द्रम्म. दोन्ही मिळून ३९य/५६. हे १३/६४ द्रम्मांबरोबर असले पाहिजेत; म्हणून य = ७/२४. मूग ७/२४ माप, तांदूळ ७/१२ माप. तांदळास १० २/३ काकिणी, मुगास २ १/३ काकिणी, बेरीज तेरा. वाण्यानें मापाचे सात चोविसांश कसे मोजले हें मला विचारूं नये. परंतु दुकानापुढचा घाईचा मनुष्य, ठराविक पैसे, मिसळलेला माल, हें चित्र तर आजहि कोणत्याहि किराणा दुकानीं दिसतें.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणितां’तील घोड्यांचें उदाहरण याहून सोपें, पण तत्त्वाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. एकाजवळ ३०० रुपये व ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी. तर घोड्याची किंमत काय? ६य + ३०० = १०य − १००. चार घोडे चारशें रुपयांचे, म्हणून घोडा शंभराचा. सर्व घोडे एकाच किंमतीचे कसे, असा आक्षेप आमच्याकडील जनावरांच्या बाजारांतील कोणीहि दलाल घेईल, आणि तो खराच आहे. पण येथें किंमत कोणी सांगितलेली नाहीं. ती व्यवहाराच्या आंत दडलेली आहे, आणि कर्ज हें ऋणचिन्हानें मोकळेपणीं लिहिलेलें आहे. आपण ज्यास ‘य’ म्हणतों त्यास ते ‘यावत्-तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जितकें असेल तितकें’, आणि संक्षेपानें ‘या’ लिहीत. एकाहून अधिक अज्ञातें असलीं तर कालक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें. ‘जितकें असेल तितकें’ या शब्दांत जी समजूत आहे, ती आमच्या मुलांच्या ‘य’ मध्यें पुष्कळदां नसते.

याच संबंधांत आणखी एक गोष्ट मला सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चाळीसगांवजवळ पाटण येथें शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिल्याचें त्यांत लिहिलें आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. आणि त्यांत पाटणांत जो माल विक्रीस उघडला जाई, त्यावर ग्राहकाकडून राजास मिळणारा हक्क मठास दिला, अशी नोंद आहे. म्हणजे बीजगणित शिकविणाऱ्या मठाचा खर्च बाजारांतील गिऱ्हाईक सोशीत होतें. शाळा आणि बाजार यांचें नातें याहून अधिक स्पष्ट कोठें लिहिलेलें मीं पाहिलें नाहीं.

आतां त्या वह्यांच्या उदाहरणाकडे परत येऊं. पुढच्या बाजाराच्या दिवशीं मीं त्या विद्यार्थ्याच्या पालाजवळ थांबलों व त्यास म्हटलें, “असें समज, तूं ५ वह्या आणि ३ पेन घेतलेस, १८० रुपये दिलेस. मग मन फिरलें. दोन वह्या परत केल्यास, त्यांच्या ऐवजीं दोन पेन घेतलेस. आतां हिशेब १४० चा झाला.” तो क्षणभर थांबला व म्हणाला, “सर, म्हणजे दोन अदलाबदलींत चाळीस वांचले. वही पेनापेक्षां वीस रुपयांनीं महाग आहे.” मीं म्हटलें, “बरें, दोन्ही खरेदी एका पिशवींत घाल.” “आठ वह्या, आठ पेन, तीनशें वीस. एक वही आणि एक पेन मिळून चाळीस.” पुढें मला बोलावें लागलें नाहीं; वही तीस, पेन दहा, हें त्यानें गिऱ्हाइकास वांगीं तोलतां तोलतां सांगितलें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत मीं तींच दोन समीकरणें लिहिलीं. एकदां वजाबाकी केली, एकदां बेरीज केली. तो बराच वेळ फळ्याकडे पाहात होता. मग म्हणाला, “सर, हें तर मीं काल बोललेलेंच आहे.”

मग त्यानें आधीं आठानें भागाकार कां केला? उत्तर सोपें आहे: त्यानें उदाहरण वाचलेंच नव्हतें, आकडे उचलले होते. दुसरी खरेदीहि आठच नगांची आहे, मग तिला १८० न पडतां १४० कसे पडले, हा प्रश्न पालावर त्यास ताबडतोब सुचला असता. वर्गांत सुचला नाहीं; कारण वर्गांतील वही-पेन हीं खरीं नसतात असें त्यास कोणीतरी शिकविलें आहे. तें कोणी शिकविलें हें मी शोधीत बसत नाहीं; आम्ही शिक्षक त्यांत आहोंतच. ‘एकूण’ दिसलें कीं बेरीज, ‘उरले’ दिसलें कीं वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलें कीं भागाकार, अशा किल्ल्या मार्गदर्शकांतून व शिकवण्यांतून वांटल्या जातात. “१८ नारळ विकल्यावर १२ उरले, तर सकाळीं किती होते?” येथें ‘उरले’ शब्द आहे, आणि करावयाची आहे बेरीज. किल्ली कुलुपांत फिरते, पण दार भलतेंच उघडतें.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. ‘व’ म्हणजे काय, असें विचारलें तर दहांतील सात मुलें “वही” म्हणतात. ‘व’ म्हणजे वही नव्हे. एका वहीची रुपयांतील किंमत होय. ‘५व’ म्हणजे पांच वह्या असें समजणारा मुलगा समीकरण मांडील, कदाचित् सोडवीलहि, पण उत्तर काय आलें तें त्यास सांगतां येणार नाहीं. २०१८ सालीं आलेल्या दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागांत दोन चलांतील रेषीय समीकरणें हें पहिलेंच प्रकरण होतें. त्या प्रकरणांतील उदाहरणें तपासतांना मीं एक नियम केला: अज्ञात काय आहे, तें पूर्ण वाक्यांत लिहिल्यावांचून पुढील रीतीस गुण नाहींत. मुलें रागावलीं. एका पालकांनीं हा भाषेचा तास आहे कीं गणिताचा, असेंहि विचारलें. मीं सांगितलें कीं पहिल्या दोन ओळीपुरता भाषेचा आहे.

आतां या सर्वांत प्रत्यक्ष पोटाचा संबंध कोठें येतो तें सांगतों. आमच्या जिल्ह्यांत घोडेगांव, पारनेर, संगमनेर अशा ठिकाणीं कांद्याचे लिलाव होतात, आणि येथें शिकणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरचा वर्षाचा खर्च कांद्याच्या पट्टीवर चालतो. पट्टीवर वजन असतें, भाव असतो, हमाली-तोलाई व मोटारभाडें यांची वजावट असते, आणि शेवटीं हातीं येणारी रक्कम असते. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनीं १८ क्विंटल कांदा घातला. लिलावांत १,५०० चा पुकार त्यांनीं स्वतःच्या कानांनीं ऐकला होता. हातीं पडले २४,७५० रुपये. भाड्याचे १,०८० आणि क्विंटलमागें १५ प्रमाणें हमाली-तोलाईचे २७० गेले, हें त्यांस ठाऊक होतें. भावाचा कागद मात्र पावसांत भिजून वाचेनासा झाला होता. मुलीनें वहींत लिहिलें: एका क्विंटलचा भाव य रुपये; १८य − २७० − १०८० = २४७५०. १८य = २६१००; य = १४५०. क्विंटलमागें पन्नास कमी, एकूण ९०० रुपये कमी! वडील रागानें उठले, आडत्याकडे जाऊन चार लोकांत त्याचा पाणउतारा करणार होते.

मुलगी म्हणाली, “बाबा, थांबा. आपल्या मालांत गोल्टी होती ना?” होती, बारीक कांदा निवडून निराळ्या गोण्यांत भरला होता, आणि गोल्टीचा भाव त्या दिवशीं १,२०० होता असें शेजाऱ्यांकडून कळलें होतें. तिनें दुसरें समीकरण मांडलें. गोल्टी क क्विंटल. मग मोठा कांदा १८ − क. १५००(१८ − क) + १२००क = २६१००. २७००० − ३००क = २६१००; क = ३. वडील दुसऱ्या दिवशीं गेले. पाणउतारा करावयास नव्हे, विचारावयास. वहींत तीन क्विंटल गोल्टी लिहिलेली होती, आणि ती तितकीच भरली होती. एका इमानी माणसावर चोरीचा आळ यावयाचा वांचला. उद्यां क बरोबर ३ च्या ऐवजीं साडेपांच आले तर तीच मुलगी तेंहि सांगूं शकेल, आणि तेव्हां वडिलांनीं आवाज चढविला तर तो चढविण्यास आधार असेल.

यावर दोन आक्षेप नेहमीं येतात. पहिला, खिशांत यंत्र असतांना ही यातायात कशाला? यंत्राविषयीं मला आदर आहे. त्यानें १८० ला ८ नें भागून साडेबावीस हें उत्तर अगदीं अचूक दिलें असतें. भागावें कीं नाहीं तें त्यास ठाऊक नव्हतें. दुसरा आक्षेप मात्र मी मान्य करितों: पुस्तकांतील उदाहरणें पुष्कळदां हास्यास्पद असतात. कोणी एकटा मनुष्य साठ कलिंगडें घेतो, कोणी सफरचंदें तीन रुपये किलोनें विकतो. मुलें हीं वाचून हंसतात, आणि मग गणितहि हंसण्यावारीं नेतात. पण त्यावर उपाय आमच्या हातीं आहे. आठवड्याचा बाजार जवळ आहे. भाव विचारावयास कोणी पैसे घेत नाहीं.

म्हणून पालकांस माझी मागणी लहान आहे. “बाजारांत येऊं नकोस, घरीं गणितें सोडवीत बैस,” असें मुलांस सांगूं नये. किराण्याची यादी, दुधाची वही, कांद्याची पट्टी, विजेचें बिल, हीं त्यांच्या हातीं द्यावींत, आणि एकादा आंकडा बोटाखालीं झांकून तो काढावयास सांगावा. मुलींस तर अवश्य सांगावा. पुष्कळ घरांत पट्टी मुलाच्या हातीं दिली जाते आणि बहिणीच्या वहींत फक्त पुस्तकांतील कलिंगडें राहतात.

विद्यार्थ्यांसाठीं सुटींतलें एक उदाहरण भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणितां’तून देतों. ३ द्रम्मांस ५ पारवे, ५ द्रम्मांस ७ सारस, ७ द्रम्मांस ९ हंस व ९ द्रम्मांस ३ मोर मिळतात. राजपुत्राच्या करमणुकीसाठीं १०० द्रम्मांत १०० पक्षी आणावयाचे आहेत. चारी जातींचे पाहिजेत, आणि ठराविक गटांनींच घ्यावयाचे असें समजा. २० पारवे, १४ सारस, ५४ हंस व १२ मोर, हें एक उत्तर आहे. ताळा करून पहा. ५५ पारव्यांपासून आरंभ केला तर दुसरें निघतें. आणखीहि आहेत. ज्यांस तीं सांपडतील त्यांनीं शाळा उघडल्यावर वही घेऊन यावें. आणि दोघांचीं उत्तरें निराळीं आलीं तर एकमेकांचें खोडण्यापूर्वीं दोन्हींचा ताळा पहावा.